गरीब घोडीचा हट्ट

मी एक जुनी घोडी आहे आणि आत्ता मी उभी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्यासमोरच्या गृहस्थांच्या मते मी आत्ता चालत असायला हवी. तबेल्याचं दार सताड उघडं आहे. पुढे कुरणापर्यंत सरळ वाट आहे. ऊन चढलेलं नाही आणि माझे चारही पाय धडधाकट आहेत. तरीही मी उभी आहे. माझ्या तोंडावरच्या म्होरकीला दोर बांधलेला आहे आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला हे गृहस्थ आहेत. ते ओढताहेत. कानापर्यंत लाल झालेत.

मित्रांनो, त्यांना ओढू द्या. त्यांचं आवरेपर्यंत मी माझी हकिगत सांगून घेते.

आधी नावाचं. या तबेल्यात मला सगळे 'गाय' म्हणतात. 'गरीब गाय' म्हणतात ना, त्यातली गाय. मी कुणाला चावत नाही, लाथ मारत नाही, दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड घालत नाही, म्हणून हे नाव पडलं. ते कौतुकानं ठेवलं, हे मला ठाऊक आहे. पण मी गाय नाही. मी घोडी आहे, आणि पुढे जे काही घडलं ते हा फरक विसरल्यामुळे घडलं.

लहानपणी मला एका चाबूकस्वाराच्या हाती दिलं होतं. चाबूकस्वार म्हणजे घोड्यांना चालरीत शिकवणारा माणूस. नावात चाबूक असला तरी याचा चाबूक कायम खुंटीवर असे आणि त्यावर तो आपला टॉवेल वाळत घाली. माझ्याकडे येताना तो लांबूनच म्हणायचा, "येतोय गं." मग माझ्या डाव्या खांद्याशी येऊन थांबायचा, खांद्यावर हात ठेवायचा. दोराची घडी करून ती मुठीत धरायचा, हाताला कधी गुंडाळायचा नाही. हे झालं की आम्ही चालायला लागायचो.

मी काही चुकीचं केलं तर तो ओरडत नसे आणि ओढतही नसे. नुसता उभा राही. मी डोकं झटकलं, पाय आपटले, मागे सरले, तरी हा आपला खांबासारखा उभा. शेवटी मलाच कंटाळा येई आणि मी नीट वागे. माणूस घोड्यापेक्षा जास्त वेळ उभा राहू शकतो, हे मला तिथे कळलं. उभं राहण्यात केवढी ताकद असते, तेही तिथेच कळलं. ते पुढे फार उपयोगी पडलं.

हाक कशाला लागते, हेही सांगते. आमचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे आम्हाला पुष्कळ दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलंही दिसत नाही. तिथून कुणी न बोलता आलं तर आमच्या दृष्टीनं ते कुठूनच आलेलं नसतं, एकदम उगवलेलं असतं. एकदम उगवणारी वस्तू आपल्याला खाणार, असं आमच्या रक्तात ठरलेलं आहे. ते रक्त कुणाला विचारून उसळत नाही. घोडा गरीब असो की तिखट, रक्त तेच.

पुढची कितीतरी वर्षं मी दुधाची गाडी ओढली. दूधवाला एका दारात बाटल्या ठेवायला जाई, तोवर मी आपली आपण पुढच्या दाराशी जाऊन थांबे. लोक खिडकीतून बघत आणि म्हणत, घोडी माणसापेक्षा शहाणी आहे. दूधवाला ऐकून न ऐकल्यासारखं करी. मग त्यानं मोटार घेतली. पहिले काही दिवस तो येता-जाता माझ्या कपाळावरून हात फिरवायचा. नंतर माझ्या ठाणाचा, म्हणजे मला बांधायच्या जागेचा, उपयोग रिकामे खोके ठेवायला होऊ लागला आणि खोक्यांमधून उरेल त्या जागेत मी उभी राहू लागले. माझे खूर वाढून वाकडे झाले. माझी आयाळ गुंतून तिची दोरी झाली. त्या दिवसांबद्दल याहून जास्त बोलावं असं मला वाटत नाही.

तिथून मला ताईनं आणलं.

ताई हा तबेला चालवते. इथे कामातून निघालेले घोडे राहतात आणि दुपारी शेजारच्या शाळेतली मुलं घोड्यांना खरारा करायला शिकतात. ताई एका पायानं किंचित लंगडते. तरुणपणी तिला एका घोड्यानं पाडलं होतं. तो घोडा म्हणे अतिशय गरीब होता.

तबेल्याचं काम स्वयंसेवक करतात. कुणी पगार घेत नाही. सगळे आपापल्या कामाआधी सकाळी येतात. त्यात मास्तर आहेत. ते शाळेत कवायत शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण शिट्टी अजून गळ्यात असते. बादल्या एका ओळीत नसतील तर त्यांना चहा गोड लागत नाही. आणि शिंपीणकाकू आहेत. त्या शाळेचे गणवेश शिवतात. त्यांच्या पदराला कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात आणि चष्मा कायम हरवलेला असतो.

नियम ताईनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले होते. हाक मारून या. खांद्याशी या. दोर हाताला गुंडाळू नका. घोड्याच्या गळ्याखालून जाऊ नका. दार पूर्ण उघडल्याशिवाय त्याला बाहेर काढू नका. अवघड काही नव्हतं आणि सगळ्यांना पाठही होतं.

माझ्या शेजारच्या ठाणात लवंगी राहते. उंचीनं माझ्या पोटाला लागेल एवढीशी, पण दुगाण्या झाडण्यात पटाईत. नाव उगीच पडलेलं नाही. तिच्याकडे जाताना सगळे नियम अगदी तंतोतंत पाळले जात. मास्तर तर लांबूनच खाकरायला सुरुवात करत. "लवंगीबाई, येऊ का?" असं काकू विचारत, आणि लवंगी कान मागे टाकून परवानगी देई किंवा नाकारी.

मग सगळे माझ्याकडे येत, आणि सुटकेचा श्वास टाकून नियम लवंगीच्या दारातच ठेवून येत.

माझ्या पाठीवर कोट टांगले गेले. माझ्या मागच्या पायांपाशी बसून बुटांच्या नाड्या बांधल्या गेल्या. वळसा घालायचा कंटाळा म्हणून माणसं माझ्या गळ्याखालून ये-जा करत, आणि मोठी करतात म्हणून दुपारची लहान मुलंही तेच करत. दोर तर मनगटाला गुंडाळूनच धरायचा, म्हणजे दोन्ही हात फोनला मोकळे. ताई टोकत असे. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे.

"अहो ताई, हिला काय लागतंय? गाय आहे ती."

ताईनं नियम लिहून फळा लावला. फळ्याच्या खिळ्याला टोप्या लटकू लागल्या. तिनं सगळ्यांना एकत्र बसवून पुन्हा समजावलं. त्या आठवड्यात मला इतक्या हाका आल्या, की मला वाटलं माझी कुठे बढती झाली. पुढच्या आठवड्यात कोट परत पाठीवर आला. तिनं रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी बोलणंच सोडून पाहिलं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांच्या लेखी नियम हे तिखट घोड्यावरचं औषध होतं, आणि मी तर निरोगी होते.

मग ती सकाळ आली. घडलं ते असं. ठाण झाडायचं होतं म्हणून काकू मला घेऊन अंगणात थांबल्या होत्या. चष्मा शोधायला पिशवीत हात घालायचा, म्हणून त्यांनी दोर उजव्या पंजाला गुंडाळला. मला डुलकी लागली होती. मास्तर रिकामी ढकलगाडी घेऊन माझ्या मागून आले. बोलले काहीच नाहीत. माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि मग म्हणाले, "सरक गं गाय."

त्यांचे शब्द माझ्या कानात पोचले तेव्हा मी हवेत होते. मी पुढे उडी घेतली आणि दोराला ताण बसला. काकू पडल्या आणि दोर पंजावरून सुटेपर्यंत माझ्याबरोबर फरपटत आल्या. मी भिंतीशी जाऊन थांबले.  काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ज्या हातानं त्या कात्री धरतात, तो हात.

काकूंसाठी माझा जीव तुटला. पण मी माफी मागणार नाही, तेव्हाही मागितली नाही आणि आजही मागत नाही. मी घोडी आहे आणि घोडीसारखी वागले. तसं वागले तर कुणाचं बोट मोडू नये, याचीच सोय त्या नियमांत होती.

दुसऱ्या दिवशी खोगिरांच्या खोलीत बैठक झाली. माझं ठाण त्या खोलीला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. कुणी म्हणालं, गाय माजली. कुणी म्हणालं, म्हातारपणी डोकं फिरतं यांचं. मास्तर म्हणाले, लवंगी परवडली, निदान ती काय करणार ते माहीत असतं. ताईनं दोराचं काढलं, हाकेचं काढलं. मास्तर म्हणाले, ते असू दे, पण उद्या मुलांपैकी कुणाला लागलं तर? मग मतं घेतली. हात वर झाले, आणि मला घोड्यांच्या व्यापाऱ्याकडे द्यायचं ठरलं. त्याची गाडी या बाजूला येईल तेव्हा येईल. व्यापाऱ्याकडे गेलेली म्हातारी घोडी पुढे कुठे जाते, हे आमच्या तबेल्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

शहाणपणाचा मार्ग मला दिसत होता. आणखी गरीब व्हायचं, मान खाली घालायची, डोळे मिटून सगळं चालवून घ्यायचं. मग कुणाला दया आली असती.

मी ठरवलं, हे होणार नाही. जायचंच असेल तर घोडी म्हणून जाईन.

दुसऱ्या दिवसापासून मी उभी राहिले. चाबूकस्वार उभा राहायचा, तशी. लाथ नाही, चावणं नाही, कान मागे टाकणंही नाही. हाक न मारता कुणी आलं, की मी उभी. खांद्याशी न येता समोरून ओढलं, की उभी. दोर गुंडाळला, की उभी. दार अर्धं उघडं ठेवून 'चल' म्हटलं, की त्या अर्ध्या दाराकडे बघत उभी. माझं वजन तुम्हाला सांगत नाही, बाईमाणसाला विचारू नये. पण तीन माणसांनी ओढूनही मी एक टाप हलत नाही, एवढं त्या दिवसांत सिद्ध झालं.

मास्तरांनी ओढलं. मास्तरांनी ढकललं. मास्तरांनी शिट्टी वाजवली. शिट्टीनं पलीकडची लवंगी चालू लागली, मी नाही. "अडेलतट्टू," ते म्हणाले. तट्टू लहान असतं, हे कवायतीच्या माणसाला कुणी सांगावं?

आमचा नालबंद मात्र हाक मारून यायचा. त्याच्यासाठी मी मागितला तो पाय उचलून दिला. मास्तर म्हणाले, त्याच्या हाताची सवय आहे तिला. ताईबरोबर मी सरळ कुरणात गेले. मास्तर म्हणाले, ताईचा लळा आहे तिला. ताईनं शांतपणे सांगितलं, की नियमानं वागा, ती चालते. मास्तर दुखावले. "नियम आता मला शिकवणार का, ताई?" ते म्हणाले.  जाता जाता ताईनं माझ्या मानेवर हात ठेवला आणि जरा दाबला.

एका सकाळी गाडी आली.

मागची फळी खाली सोडली आणि ती अंगणात टेकली. गाडीवाला घाईत होता. ताईनं सांगून टाकलं, "मी तिला चढवणार नाही. ज्यांनी हात वर केले, त्यांनी चढवावी." मग गाडीवाला आणि मास्तर समोरून ओढू लागले. कुणीही हाक मारली नव्हती. मी उभी राहिले. गाडीवाल्यानं काठी घेतली आणि तो माझ्या मागे जायला निघाला, तेव्हा ताई अशा आवाजात "मागे जायचं नाही" म्हणाली, की तो काठीसकट थिजला.

"मास्तर," तो घाम पुसत म्हणाला, "ही घोडी आहे की तुमच्या तबेल्याचा खांब? खांब असेल तर छप्पर बघा, पडेल."

तेवढ्यात दारात काकू दिसल्या. बोटं मोडल्यापासून त्या पहिल्यांदाच येत होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं अजून ताठ होती. त्या बराच वेळ लांब उभ्या राहिल्या. मग मास्तरांना म्हणाल्या, "व्हा जरा बाजूला."

त्यांना माझी भीती वाटत होती. मला त्यांच्या घामाचा वास येत होता, आम्हाला तो येतो. तरी त्या आल्या. लांबूनच म्हणाल्या, "येतेय गं."  डाव्या खांद्याशी येऊन थांबल्या. खांद्यावर हात ठेवला तो मोडलेल्या बोटांचाच होता. मग दोराची घडी केली, गणवेशाच्या कापडाची करतात तशी नीट, आणि ती मुठीत धरली.

आणि मी चालले.

मित्रांनो, इथे मी पेचात होते. काकूंचं सगळं बरोबर होतं, आणि आम्ही गाडीकडेच चाललो होतो. नियमानं वागलात तर चालेन, हा माझाच हट्ट होता. आता जायची जागा मला आवडत नाही म्हणून मी अडले असते, तर मास्तरांचा 'अडेलतट्टू' हा शब्द खरा ठरला असता. मी चालत राहिले. माझे पुढचे दोन खूर फळीवर पडले आणि फळी पोकळ वाजली.

काकू थांबल्या. मीही थांबले.

"बघितलंत?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "ही गाडीतसुद्धा चढते. सांगायची रीत आपल्याकडे नव्हती."

मास्तर शिट्टीशी चाळा करत उभे होते.

"माझी बोटं हिनं मोडली नाहीत. दोर मी गुंडाळला होता. आणि मागून मुकाट्यानं कोण आलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे." काकूंनी दोर त्यांच्यापुढे धरला. "आता तुम्ही हिला खाली आणा. आली तर ती इथे राहील. नाही आली तर जाऊ दे तिला, मी एक शब्द बोलणार नाही."

सगळे स्वयंसेवक बघत होते. मास्तरांनी दोर घेतला, सवयीनं हाताला गुंडाळला, आणि ओढला.

एक पाऊल मागे घेतलं की मी वाचत होते. फक्त एक पाऊल. माझ्या नाकासमोर त्या गाडीचा अंधार होता आणि त्यात माझ्याआधी गेलेल्या घोड्यांचा वास होता. मास्तर चुकीच्या रीतीनं का होईना, मला जगण्याकडेच ओढत होते.

मी हलले नाही.

ताईनं तोंडावर हात घेतला. गाडीवाला म्हणाला, चला, उशीर होतोय. मास्तरांनी पुन्हा ओढलं. मी गाडीच्या अंधाराकडे बघत राहिले. मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. पण त्या दिवशी मी सूट दिली असती, तर दुसऱ्या दिवशी कोट परत पाठीवर आला असता, आणि एखाद्या दिवशी माझ्या गळ्याखालून एखादं पोर गेलं असतं.

मग ओढ थांबली. मास्तर आपल्या हाताकडे बघत होते. पंजाभोवती दोराचे वेढे होते आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी एकवार काकूंच्या ताठ बोटांकडे पाहिलं. वेढे सोडवले. सावकाश लांब गेले, वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आले आणि थांबले. मला वाटलं कवायतीच्या आवाजात ओरडतील. पण ते इतक्या हळू बोलले, की ते फक्त मीच ऐकलं असेन.

"येतोय गं."

ते खांद्याशी आले. त्यांचा हात खरबरीत होता आणि ओला होता. घडी केलेला दोर त्यांनी हलकेच मागे नेला आणि मी पाऊल मागे घेतलं. मग दुसरं घेतलं. फळी पुन्हा वाजली. गाडीवाला काही तरी पुटपुटत, रिकामी गाडी घेऊन गेला.

त्या दिवसापासून या तबेल्यात एक रीत पडली. येणारा प्रत्येक स्वयंसेवक, नवा असो की जुना, सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे येतो. मला ठाणापासून कुरणापर्यंत नेऊन दाखवतो, आणि मगच त्याला दुसऱ्या घोड्याला हात लावता येतो. आधी नव्यांना लवंगीची भीती घालत. आता माझी घालतात. लवंगीला याचा राग आहे. काकूंची बोटं पूर्ण वाकत नाहीत, पण कात्री धरता येते. आता माझ्या पाठीवर कुणी कोट टांगत नाही. गाय मात्र अजून म्हणतात. तेवढं मी सोडून दिलं आहे.

मास्तर आता नव्या लोकांना स्वतः नियम शिकवतात, अगदी शिट्टी वाजवून. पण मी पुष्कळ दिवस चांगली वागले, की त्यांना विसर पडतो. माझ्या चांगुलपणाचा माणसांवर असाच परिणाम होतो. आज सकाळी ते फोनवर बोलत आले, हाक मारली नाही, आणि दोर मनगटाला गुंडाळून चालू लागले. दोन पावलं गेल्यावर त्यांना कळलं, की आपण एकटेच चाललो आहोत.

हो, दोराच्या टोकाला आहेत ते मास्तरच.

मित्रांनो, लवंगीशी सगळेच जपून वागतात, कारण ती तसं वागायला लावते. तुमच्या सांभाळण्याची परीक्षा माझ्यासारख्यांच्या ठाणात होते. गरीब जनावरापाशी जाताना हाक मारा, त्याला दिसाल असे या, त्याचा दोर मोकळा धरा. आज धरा, उद्या धरा, तुमचं लक्ष दुसरीकडे असेल त्या दिवशी आधी धरा. मी गरीब आहे, हा माझा स्वभाव आहे. ती मी तुम्हाला दिलेली सूट नाही. आणि तुम्ही ती घेतलीत, तर मी इथेच आहे. मला घाई नाही. माझ्या गुरूनं मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण उभं राहायला शिकवलं आहे.

ओढणं थांबलं वाटतं. फोन खिशात गेला. मास्तर मनगटावरचे वेढे सोडवताहेत. काकू पलीकडून बघून न बघितल्यासारखं करताहेत आणि हसू दाबताहेत. मास्तर लांब गेले, वळले, डाव्या बाजूला आले. खाकरले.

नुसतं खाकरून चालणार नाही, मास्तर. मी उभी आहे.